नस कापली गेल्यावर या चुका टाळा

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षछाटणीत कात्री बोटात शिरते, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्र्याने मनगट चिरतं, संक्रांतीला नायलॉन मांजा हात कापतो. टाके पडतात, रक्त थांबतं आणि बोट हलतंय म्हणून नस (रक्तवाहिनी नव्हे, स्पर्श आणि हालचालीचे संदेश नेणारी मज्जातंतूची नस) शाबूत आहे असं धरलं जातं. इथेच फसगत होते. बोट वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. त्यांना नस तिथेच मिळते, त्यामुळे बोटातली नस तुटली तरी बोट वाकतं. म्हणून भूल देण्याआधीच बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का ते तपासून घ्या. एक कड जरी बधिर असली, तरी हाताच्या सर्जनला दाखवा.

‘सूज उतरली की स्पर्श परत येईल’ म्हणून थांबणं सगळ्यात महाग पडतं. नसेतला कापापलीकडचा तंतू काही दिवसांत विरघळतो, हे शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये दाखवलं. त्याची नळी मात्र उरते. तिच्यातल्या श्वान पेशी, म्हणजे तंतूला वेढून आधार देणाऱ्या पेशी, रांग धरतात आणि अंगावर एल-वन, एन-कॅम, एन-कॅडहेरिन असे चिकटरेणू वाढवतात. नळीच्या अस्तरात लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं. नव्या तंतूचं टोक आपल्या अंगावरच्या इंटिग्रिन या पकड-प्रथिनाने त्या लॅमिनिनला धरतं आणि पुढे सरकतं, द्राक्षाच्या बाळीने तार पकडावी तसं. धरायला काही नसेल तर तंतू भरकटतात, जागेवरच दुखरी गाठ होते. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि श्वान पेशींचा हा आधार महिने लोटले की ओसरत जातो. स्नायूलाही वर्ष-दीड वर्षात नस मिळाली नाही, तर तो सहसा पुन्हा कामाला येत नाही.

कापलेल्या टोकांमध्ये अंतर पडलं असेल तर पायातल्या नसेचा तुकडा मध्ये जोडतात; तेव्हा ‘पायाची नस नको, ओढूनच शिवा’ असा आग्रह धरू नका. ताणाने रक्तपुरवठा घटतो, व्रण वाढतो. पोटरीतली सुरल नस घेतल्यावर पावलाची बाहेरची कड बधिर होते खरी, पण त्या तुकड्यात लॅमिनिन आणि श्वान पेशी तयार मिळतात.

नंतर मुंग्या आल्या की घाबरून व्यायाम सोडू नका. नसेवर टिचकी मारल्यावर मुंग्या येण्याची जागा महिन्यागणिक पुढे सरकत असेल, तर तंतू वाढतोय. तीच जागा अडून राहिली, तर डॉक्टरांना सांगा.

बधिर हात शेकू नका, चटका कळत नाही. बी-१२ ची कमतरता असेल तर गोळ्या जरूर घ्या, पण कापलेली टोकं गोळीने जुळत नाहीत.