पोहण्यासाठी मिठाचा पूल घ्यायचा की क्लोरीनचा? या चुका टाळा

पहिली चूक मशीन घेण्याआधीच होते. मिठाच्या पुलात क्लोरीन नसतं, असं समजून लोक पैसे मोजतात. प्रत्यक्षात तिथेही क्लोरीनच असतं. फक्त ते डब्यातून न येता सेलमध्ये, म्हणजे मशीनच्या धातूच्या पट्ट्या असलेल्या भागात, खारट पाण्यातून वीज जाताना तयार होतं. दोन्हीकडे पाण्यात १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ पीएच राखावा लागतोच. डोळे चुरचुरले, उग्र वास आला तर दोष बहुधा क्लोरामाईनचा असतो. क्लोरीनचा घाम-लघवीशी संयोग झाला की ते तयार होतं. मशीन बदलून ते जात नाही.

म्हणून ब्रोशरआधी पाणी तपासा. बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम ४०० पीपीएमच्या वर असेल, तर सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. मिठाच्या पुलात पीएच आपोआप चढत राहतो, त्यामुळे थर आणखी लवकर जमतो. मग दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड (ॲसिड पाण्यात घालायचं, उलटं कधीच नाही) अशा मिश्रणाने सेल धुवावा लागतो. वरचेवर धुतला की त्याचं आयुष्य घटतं. असं पाणी असेल तर साधं लिक्विड क्लोरीनच परवडतं.

मीठ किती? ८ × ४ मीटर, सरासरी दीड मीटर खोल पूल म्हणजे ४८,००० लिटर. ३,५०० पीपीएमसाठी सुमारे १७० किलो. पण बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, ते मोजून वजा करा. मिठागरातलं जाडं मीठ स्वस्त, पण त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सेलवरच बसतं. ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध, बिनआयोडीनचं घ्या. सेल बंद ठेवून पंप २४ तास चालवा, मगच सेल सुरू करा. नवं प्लास्टर असेल तर महिनाभर मीठ नको.

सेल छोटा घेणं ही महागात पडणारी काटकसर. तासाला २० ग्रॅमचा सेल ८ तासांत १६० ग्रॅम क्लोरीन देतो, म्हणजे या पुलात जेमतेम ३.३ पीपीएम. मे महिन्याच्या उन्हात ते भराभर उडतं. त्यात वीज गेली की पंप बंद, आणि क्लोरीनही बंद! भारनियमन असलेल्या गावातल्या फार्महाउसवर लिक्विड क्लोरीनचा कॅन हाताशी हवाच. या पुलात १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं साधारण अर्धा लिटर लागतं. फक्त ते जुनं नको, उन्हात ठेवलेलं तर नकोच.

क्लोरीनवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे वर्षभर टीसीसीएच्या (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या. दर गोळीसोबत सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन) साचतं. ते १०० पीपीएमच्या पुढे गेलं की क्लोरीन असूनही पाणी हिरवं पडतं. उपाय एकच, काही पाणी काढून ताजं भरणं. आणि टीसीसीए व कॅल्शियम हायपोक्लोराईट (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) एकाच डब्यात किंवा एकाच मापाने कधीही हाताळू नका, आग लागते.

मिठाचं ठरलंच, तर ३०४ ग्रेडच्या स्टीलची शिडी ३१६ ची करून घ्या आणि अर्थिंग तपासा. पावसाळ्यात पूल भरून वाहिला की मीठ पातळ होऊन ‘लो सॉल्ट’चा दिवा लागतो, आधी मोजा, मग पोती उघडा. बॅकवॉशचं (फिल्टर उलटा धुतानाचं) खारट पाणी मात्र आंब्याच्या आळ्यात सोडू नका.