बसायच्या मोवरच्या टायरात हवा किती ठेवायची

मे महिन्यात आमच्या हिरवळीवर पट्टे उमटायला लागले. एक पट्टा छान एकसारखा, शेजारचा पार तासलेला, खालची माती दिसेपर्यंत. नेरुळला एका संकुलाची बाग आणि मैदान मी सांभाळते. मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, चालवणारे काका म्हणाले, "ताई, पाती बोथट झालीत." पात्यांना धार लावून आणली, तरी पट्टे तसेच. मग मशीन पार्किंगच्या काँक्रीटवर उभं केलं आणि मागे उकिडवी बसून पाहिलं. डावं मागचं चाक थोडं बसलेलं. हवेचं गेज लावलं तर उजवीकडे 11 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), डावीकडे 6.

मोवरचा डेक, म्हणजे पाती बसवलेलं खालचं कवच, फ्रेमला टांगलेला असतो आणि फ्रेम टायरांवर उभी असते. एका बाजूची हवा गेली की तिकडचा डेक खाली येतो आणि पातं गवताच्या मुळाशी पोचतं. आमचं मेक्सिकन गवत तसंच बारीक, एकदा तासलं की भरून यायला कितीतरी दिवस लागतात. म्हणून कापणीत काहीही बिघडलं, तर आधी टायर मोजा, मग पाती आणि डेकची पातळी बघा. आम्ही उलटं केलं आणि आठवडा वाया गेला.

हवा किती, याचं उत्तर मशीनच्या पुस्तिकेत असतं. काही मशीनवर सीटखाली किंवा मडगार्डवर स्टिकरही असतो. बऱ्याच ट्रॅक्टरसारख्या मोवरना पुढे 14 आणि मागे 10 पीएसआयच्या आसपास सांगितलेलं असतं. झीरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या, मशीनचे आकडे वेगळे असतात, तिथे हा हिशोब लावू नका. टायरच्या कडेवर जो आकडा कोरलेला असतो, तो मात्र कमाल मर्यादेचा. त्याच्या वर जायचं नाही एवढंच तो सांगतो. तेवढी हवा भरा असं तो सांगत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

पंक्चरवाल्याकडे चाक दिलं की तो हाताच्या सवयीने स्कूटरएवढी, 28-30 हवा मारतो. त्यात त्याची चूक नाही, दिवसभर तो दुचाकीच बघतो. पण स्कूटरचा टायर अरुंद आणि रस्त्यावर धावणारा. मोवरचा टायर रुंद असतो, तो मुद्दाम पसरून चालावा म्हणूनच. टायरात जेवढा दाब, साधारण तेवढ्याच दाबाने तो जमीन दाबतो. 10 पीएसआयचं चाक गवतावरून हलकं जातं. 30 चं चाक मधल्या पट्टीवर उभं राहतं, माती घट्ट करतं आणि जुलैच्या ओल्या जमिनीत चाकोऱ्या पाडतं. शिवाय मशीन उडत चालतं, त्यामुळे कापही लाटांसारखा येतो, आणि ओल्या गवतात चाक घसरतं. कॉम्प्रेसरने असा छोटा टायर काही क्षणांत जास्त भरतो. म्हणून मी दुचाकीला हवा भरायचा पायपंप वापरते. व्हॉल्व्ह तोच असतो, सहज बसतो.

कमी हवा तर त्याहून वाईट. वळताना टायरची कड रिमवरून सुटते आणि सगळी हवा एकदम जाते. खारघरला डोंगराच्या पायथ्याकडच्या उतरत्या हिरवळीवर हे झालं तर मशीन उलटायची भीती. उतारावर बसायचं मशीन वर-खाली चालवायचं, आडवं नाही, आणि त्याआधी दोन्ही बाजूंची हवा सारखी असलीच पाहिजे.

गेजही नीट निवडा. गाडीच्या 100 पर्यंतच्या गेजवर 8 आणि 11 मधला फरक काट्याच्या जाडीत हरवतो. 0 ते 20 पीएसआयचं गेज घ्या. मोजायचं ते सकाळी, मशीन सुरू करायच्या आधी, टायर सावलीत आणि गार असताना. 10 पीएसआयच्या टायरात तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब साधारण पाऊण पीएसआयने वाढतो. दुपारी उन्हात मोजून हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमीच भरेल.

आकडा बरोबर बसला का, हे खडूने कळतं. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा आणि मशीन काँक्रीटवर सरळ दहा-बारा फूट हळू चालवा. डेक बंद ठेवा. रेघ फक्त मधे पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. पूर्ण रुंदीत सारखी पुसली तर छान. हे करताना पुस्तिकेतला आकडा सोडून फार लांब जायचं नाही, अर्धा-एक पीएसआय इकडे तिकडे.

हवा नीट झाल्यावरच डेकची पातळी घ्यायची. इंजिन बंद, चावी काढलेली, स्पार्क प्लगची वायर सोडलेली, हातात जाड हातमोजे. पातं आडवं फिरवून डाव्या आणि उजव्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. 3 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. आमचा त्या दिवशी 11 निघाला. डाव्या टायरात हवा भरली आणि डेकचा एकही नट न हलवता तो 2 वर आला.

आता दर सोमवारी काका मशीन काढण्याआधी चारही चाकं मोजतात आणि वहीत लिहितात. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने आकडे लिहून ठेवलेत, त्यामुळे बदलीवर येणाऱ्या मुलालाही विचारावं लागत नाही. डावं मागचं चाक अजून आठवड्याला अर्धा पीएसआय सोडतंय. साबणाच्या पाण्यात व्हॉल्व्हपाशी बुडबुडे दिसले म्हणून पिन बदलली. आता बुडबुडे रिमच्या कडेला येतात, तिथे गंज धरलाय. या रविवारी टायर उतरवून ती कड पॉलिश पेपरने घासायची आहे.