सर्व्हिसिंगच्या काळात मिळालेल्या बदली गाडीची आपल्या गाडीशी तुलना कशी करावी

आपली गाडी वर्कशॉपमध्ये दोन-चार दिवस अडकणार असेल, तेव्हा डीलरकडून वापरायला मिळणाऱ्या बदली गाडीला कर्टसी कार म्हणतात. खान्देशात ही सोय सरसकट मिळत नाही. महागड्या ब्रँडच्या ग्राहकांना ती सहसा मिळते, अपघाताचे काम लांबले तर काही डीलर ती देतात, आणि काही विमा पॉलिसींमध्ये जादा हप्ता भरून दैनिक भत्त्याचे कलम घेता येते, ज्यातून गाडी दुरुस्तीत असेपर्यंतचा प्रवासखर्च अंशतः निघतो. मागितल्याशिवाय मात्र फारसे कोणी देऊ करत नाही. म्हणून नंदुरबार, शहादा, चोपडा किंवा रावेर येथून जळगावच्या अथवा धुळ्याच्या वर्कशॉपला गाडी टाकणाऱ्यांनी फोनवर दिवस ठरवतानाच बदली गाडीची विचारणा करावी.

ही गाडी केवळ अडचण भागवण्यापुरती वापरणे म्हणजे चालून आलेली संधी घालवणे होय. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये शेजारी सेल्समन बसलेला असतो, रस्ता त्याच्या पसंतीचा असतो आणि गाडी जेमतेम काही हजार किलोमीटर चाललेली असते. बदली गाडी आपण आपल्या घरी, आपल्या रस्त्याने, आपल्या माणसांना घेऊन चालवतो. शिवाय ती अनेक हातांतून गेलेली असते, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. तीस-चाळीस हजार किलोमीटर निष्काळजीपणे वापरलेल्या गाडीचा डॅशबोर्ड वाजतो का, सीटचा फोम बसला आहे का, सस्पेन्शन खडखडते का, दाराची रबरे सैल झाली आहेत का, हे पाहिले की ते मॉडेल चार वर्षांनी आपल्या दारात कसे दिसेल याचा अंदाज येतो. शोरूममधील चकचकीत गाडी हे कधीच सांगत नाही.

आपली गाडी देण्यापूर्वीची तयारी

तुलनेचा खरा पाया आपली गाडी वर्कशॉपला जाण्यापूर्वी घालावा लागतो. सर्व्हिसिंगला जाणारी गाडी तिच्या सर्वांत वाईट अवस्थेत असते. तेल जुने झालेले, एअर फिल्टर धुळीने चोंदलेला, टायरमधील हवा उतरलेली आणि चाकांचे अलाइनमेंट हललेले असते. अशा गाडीतून उतरून थेट दुसऱ्या गाडीत बसणाऱ्या माणसाला ती दुसरी गाडी हलकी, शांत आणि चपळ वाटणारच. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते येथे पहिल्या नऊ किलोमीटरमध्येच अनुभवाला येते. यावर उपाय एवढाच की एक ठरावीक फेरी निश्चित करावी आणि ती तीनदा मारावी, म्हणजे सर्व्हिसिंगपूर्वी आपल्या गाडीने, मध्यंतरी बदली गाडीने आणि सर्व्हिसिंगनंतर पुन्हा आपल्या गाडीने.

या फेरीत गर्दी, मोकळा रस्ता, चढ आणि खराब रस्ता हे चारही प्रकार असावेत. जळगावकरांना आकाशवाणी चौकातील थांबा-चला, भुसावळच्या दिशेने चौपदरी महामार्ग आणि वेळ असेल तर पहूर, फर्दापूरमार्गे अजिंठ्याचा घाट अशी आखणी करता येईल. धुळ्याच्या माणसाला लळिंगचा घाट हाताशी आहे, चाळीसगावकराला कन्नडचा, साक्री-नवापूरकडच्यांना कोंडाईबारीचा आणि शहादेकराला तोरणमाळचा. खराब रस्ता शोधण्याचे कष्ट कोणालाच पडू नयेत.

चावी हातात घेण्यापूर्वी

सर्वप्रथम नंबर प्लेट पाहावी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती खासगी नोंदणीची गाडी आहे आणि डीलर ती विनामूल्य देत असेल तर हरकत नाही. परंतु तो भाडे आकारत असेल, तर पाटी काळी आणि अक्षरे पिवळी, म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या गाडीची असली पाहिजे, कारण खासगी गाडीच्या विम्यातून भाड्याचा वापर वगळलेला असतो आणि अपघात झाल्यास कंपनी तेवढ्याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. लाल पाटीवर पांढरी अक्षरे असलेली गाडी ट्रेड सर्टिफिकेटवरची, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्यांसाठी डीलरला मिळणाऱ्या परवान्यावरची असते. ती चाचणी, डिलिव्हरी अशा ठरावीक कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, म्हणून ती कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नये. विमा आणि पीयूसीची मुदत एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून दोन मिनिटांत पाहता येते.

त्यानंतर कागदावर काय लिहिले आहे ते वाचावे. गाडीला ओरखडा पडल्यास आपल्याकडून किती रक्कम घेतली जाईल, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारून उत्तर लिहून घ्यावे. खासगी कारच्या विम्यात प्रत्येक दाव्यामागे दीड हजार सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यापुढील इंजिनाला २,००० रुपये अनिवार्य वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम कंपनी देत नाही, पण डीलर स्वतःचा बुडालेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आणि सुट्या भागांचा घसाराही आपल्यावर लावू पाहतो. किलोमीटरची मर्यादा आणि राज्याबाहेर नेण्याची परवानगी या दोन अटी खान्देशात विशेष महत्त्वाच्या आहेत. रावेरच्या माणसाला बऱ्हाणपूर, शिरपूरच्या माणसाला सेंधवा आणि नवापूरच्या माणसाला गुजरातची हद्द ही परराज्ये वाटतच नाहीत, परंतु डीलरच्या छापील अर्जाला ती परराज्येच असतात. घरातील आणखी कोण गाडी चालवणार असेल तर त्याचेही नाव व लायसन्स नोंदवून घ्यावे. टोलचे पैसे डीलरच्या फास्टॅगमधून वळते होतात, तेव्हा त्यांचा हिशेब कसा करायचा तेही आधीच ठरवावे. आपला टॅग काढून त्या काचेला चिकटवणे हा त्यावरचा मार्ग नव्हे, कारण टॅग ज्या त्या गाडीच्या नंबराशी जोडलेला असतो.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर फॉर्मवरील गाडीच्या छापील आकृतीवर पेनाने फुल्या मारत गाडीभोवती एक फेरी मारतो. ती फेरी त्याच्यासोबत मारावी, आणि बंपरची खालची कड, चारही रिम्स व विंडशील्ड यांचे फोटो जागेवरच काढावेत. रिमची कड आणि बंपरचे पोट या दोन जागा त्याच्या पेनातून हमखास सुटतात. इंधनाचा काटा आणि ओडोमीटर एकाच फोटोत घ्यावेत. निघण्यापूर्वी मॉडेलची व्हेरियंट नेमकी कोणती आहे हे विचारावे. बहुधा ती वरच्या दर्जाची असते, आणि मन मात्र शोरूमबाहेरच्या फलकावरील सर्वांत खालच्या किमतीशी तिची सांगड घालून मोकळे होते.

रस्त्यावर काय पाहावे

पहिला अर्धा दिवस कोणतेही मत बनवू नये. क्लचचा पल्ला, ब्रेकची धार, स्टिअरिंगचे वजन यांची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. त्याआधी चारही टायरमधील हवा चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना, भरून घ्यावी. पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी मऊ की कडक याबद्दलचा आपला कौल उलटा लागू शकतो. टायरच्या कडेवरील चार अंकी आकडाही वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर जुने आणि कडक झालेले असतील तर रस्त्याचा आवाज गाडीच्या माथी मारू नये.

वेगाची तुलना काट्यावरून करू नये. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही अशी त्याची रचना असते, त्यामुळे तो थोडा जास्तच दाखवतो, आणि हा थोडेपणा प्रत्येक गाडीत वेगळा असतो. मोबाइलवरील जीपीएसचा वेग प्रमाण मानून दोन्ही गाड्या खऱ्या ८० वर चालवाव्यात, मग वाऱ्याचा, टायरचा आणि इंजिनाचा आवाज ताडून पाहावा.

महामार्गावर कमाल वेगापेक्षा ओव्हरटेकला लागणारी ताकद महत्त्वाची असते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर यावल-रावेरच्या टापूत केळीने भरलेल्या ट्रकमागे अडकलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मोकळा रस्ता पाहून, चार माणसे बसवून आणि एसी चालू ठेवून, साठवरून नव्वदवर जायला किती सेकंद लागतात हे शेजारच्याला मोजायला सांगावे. लहान टर्बो इंजिन हजार-बाराशे आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास सुस्त असते आणि नंतर एकदम ओढते, तर साधे पेट्रोल इंजिन सरळ रेषेत ओढत राहते. दोहोंचे सेकंद सारखे भरले तरी चालवण्याचा अनुभव सारखा नसतो.

गिअरबॉक्सच्या बाबतीत तर घाटाशिवाय निर्णय करूच नये. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्समध्येच यंत्राने गिअर बदलणारी गाडी, गर्दीत सोयीची असली तरी चढावर गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडते आणि माणसे पुढे डुलतात. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. टॉर्क कन्व्हर्टर हा पारंपरिक ऑटोमॅटिक चढावर सर्वांत शांत चालतो, पण इंधन थोडे जास्त पितो. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढावी, ती मागे सरकते का ते पाहावे, आणि उतारावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर टाकून इंजिनाचा ब्रेक किती लागतो हेही तपासावे. आपली गाडी मॅन्युअल असेल तर ऑटोमॅटिकचा मोह पहिल्या दिवशी आकाशवाणी चौकात होतो. तो घाट उतरल्यानंतरही टिकला तरच खरा मानावा.

गावोगावचे गतिरोधक ही आणखी एक चाचणी आहे. कंपनीने छापलेला ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, म्हणून पाच माणसे आणि भरलेली डिक्की घेऊन, अगदी सावकाश, आपल्या गावच्या सर्वांत उंच गतिरोधकावरून जावे. पाणंद रस्त्याने शेतात मात्र ही गाडी नेऊ नये, पावसाळ्यात तर मुळीच नेऊ नये. काळी माती चाकांच्या कमानीत घट्ट बसते आणि परत करताना धुण्याचा खर्च व वाद दोन्ही पदरी पडतात.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा एसीची परीक्षा दुपारी दोन वाजता, उन्हात तासभर उभ्या ठेवलेल्या गाडीतच घ्यावी. मधल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर अडकवून, गाडी जागेवर उभी असताना पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला, आणि नंतर चालू गाडीत असे आकडे टिपावेत. मागच्या सीटवरील माणसाला विचारणे त्याहून आवश्यक आहे. मागे वेगळी जाळी आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण पुष्कळ गाड्यांत ती पुढचीच हवा कशीबशी मागे ढकलते. सनरूफची काच डोक्यावर तापत असेल तर तो शौक खान्देशात किती महिने परवडेल याचाही विचार करावा.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब

येथे डॅशबोर्डवरील आकड्यावर विश्वास ठेवू नये, तो बहुधा उदार असतो. टाकी पहिल्या ऑटो-कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, गाडी चालवावी आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरावी. २१२ किलोमीटरला १३.२५ लिटर लागले तर अ‍ॅव्हरेज १६ भरला. अंतर पुरेसे असणे फार महत्त्वाचे आहे. नोझल अर्धा लिटर अलीकडे-पलीकडे बंद होऊ शकते, आणि पाच लिटरवर अर्धा लिटर म्हणजे दहा टक्क्यांची चूक होते, तर वीस लिटरवर ती अडीच टक्केच राहते. एकट्या शहरात फिरवून काढलेला आकडा तुलनेला निरुपयोगी असतो. सीएनजी किलोवर मिळतो, म्हणून तेथे लिटर-किलोची सरमिसळ न करता किलोमीटरमागे किती रुपये पडले एवढेच पाहावे. बदली गाडी इलेक्ट्रिक असेल तर घरी चार्जिंग नसताना दोन दिवसांत तिच्या खर्चाबद्दल मत बनवू नये. एक्सिलरेटर सोडताच गाडी स्वतःच आवरते, त्याची मात्र जरूर सवय करून पाहावी.

घरच्या माणसांचे मतही घ्यावे, पण विचारून घेण्यापेक्षा पाहून घ्यावे. घरातील आजी गाडीत बसताना आधी हात कोठे टेकवते, डोके वाकवावे लागते का, उतरताना पाय जमिनीला लगेच लागतो की चाचपडतो, हे दारापाशी उभे राहून पाहिले की सीटच्या उंचीबद्दलचा निर्णय तेथेच होतो.

परत देताना आणि त्यानंतर

इंधन घेतले होते तेवढे भरावे, पुन्हा तेच फोटो काढावेत आणि परतीच्या पावतीवर अ‍ॅडव्हायझरची सही घ्यावी. टचस्क्रीनवरून आपला मोबाइल, कॉलची यादी आणि घराचा पत्ता पुसून टाकण्याचे बहुतेक जण विसरतात.

आपली गाडी हातात आल्यावर दोन दिवसांच्या आत ठरलेली फेरी पुन्हा मारावी, तीही शक्यतो तेवढीच माणसे घेऊन आणि दिवसाच्या त्याच वेळी. नवे तेल, साफ फिल्टर, नीट हवा आणि दुरुस्त अलाइनमेंट यांनी मधला बराच फरक भरून निघालेला दिसेल, विशेषतः आवाजात, एसीत आणि स्टिअरिंगच्या ओढीत. गिअरबॉक्स, सीटची उंची, मागची जागा आणि ओव्हरटेकचे सेकंद हे फरक कोणत्याही सर्व्हिसिंगने बुजत नाहीत, आणि तुलनेचा निकाल त्यांच्यावरच लावावा. याच सुमारास एक्स्चेंजची ऑफर सांगणारा फोन येतो. त्या वेळी चालवून पाहिलेल्या व्हेरियंटचीच ऑन-रोड किंमत विचारावी, आणि जुन्या गाडीचे मूल्यांकन सर्व्हिसिंगचे बिल हातात ठेवून करून घ्यावे.