औषधांवरची सूट, पॉइंट आणि कॅशबॅक : या चुका टाळा

घरात बीपी, शुगर किंवा थायरॉइडची गोळी कायमची सुरू झाली की मेडिकलचं बिल किराण्यासारखं दरमहाचं होऊन बसतं. मग कुणी सांगतं, अमक्या दुकानात १५ टक्के सूट आहे. कुणी म्हणतं, अ‍ॅपवर २५ टक्के मिळते, शिवाय कॅशबॅक. अपोलो, मेडप्लस, वेलनेस फॉरएव्हर अशा साखळ्यांची दुकानं शहरात जागोजागी आहेत, घरपोच औषधं देणारी अ‍ॅप आहेत आणि नाक्यावरचा ओळखीचा मेडिकलवालाही आता १० टक्के कमी करतो. मिळते ती सूट जरूर घ्यावी. पण बरीच घरं टक्का बघून दुकान ठरवतात आणि एक गोळी शेवटी कितीला पडली हे काढतच नाहीत. पैसे जातात ते तिथे.

टक्का बघितला, भाव नाही

सूट मिळते ती छापील किमतीवर, आणि एकाच औषधाची छापील किंमत कंपनीगणिक बदलते. त्यात स्ट्रिप कुठे १० गोळ्यांची, कुठे १५ची. समजा, एका कंपनीची १५ गोळ्यांची स्ट्रिप १५० रुपयांची आहे आणि तिच्यावर २० टक्के सूट आहे. हातात पडते १२० रुपयांना, म्हणजे गोळी ८ रुपयांना. दुसऱ्या कंपनीची १० गोळ्यांची स्ट्रिप ८५ रुपयांची, तिच्यावर फक्त १० टक्के. ती पडते साडेशहात्तर रुपयांना, म्हणजे गोळी ७ रुपये ६५ पैशांना. सूट निम्मी, तरी औषध स्वस्त. मोबाइलवर हा भागाकार करायला क्षणभर लागतो आणि दरमहा तो एकदा करावाच.

सरसकट ४० टक्के सूट दिसली तर ती कुठल्या ब्रँडवर आहे, हे आधी विचारा. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ज्या आवश्यक औषधांची कमाल किंमत ठरवतं, त्यांच्या हिशेबात किरकोळ दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला असतो. मग ४० टक्के येतात कुठून? बऱ्याचदा ती औषधं डॉक्टरांमार्फत न खपवता थेट दुकानदारांना विकली जाणारी जेनेरिक, म्हणजे तेच मूळ औषध पण नामांकित ब्रँडचं नसलेलं, असतात. दुकानाला ती अगदी स्वस्तात मिळतात, छापील किंमत मात्र भरमसाट असते. ४० टक्के कमी करूनही दुकानाला भरपूर उरतं. औषध वाईट असतं असं नाही. पण भाव ठरवताना छापील आकडा बाजूला ठेवून आपण मोजलेले पैसे बघायला हवेत.

जीएसटीचंही बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तेवढ्यानेच किंमत सुमारे सव्वासहा टक्क्यांनी उतरते. पाकिटावर जुना आकडा छापलेला असला तरी बिल नव्या दराने व्हायला हवं. जुन्या आकड्यावर पाच-सहा टक्के कमी करून कुणी त्याला सूट म्हणत असेल, तर तो नुसता घटलेला कर आहे. सूट त्याच्यावर वेगळी मागा.

कूपनची बारीक अक्षरं

‘२५ टक्के सूट’ यापुढे बहुधा लहान अक्षरांत ‘कमाल ३०० रुपये’ लिहिलेलं असतं. आईवडील दोघांची मिळून महिन्याची औषधं २,४०० रुपयांची असतील, तर २५ टक्क्यांचे ६०० व्हायला हवेत, पण मिळतात ३००. त्यावर घरपोच देण्याचे ५० रुपये लागले की बिल २,१५० वर जातं. नाक्यावरचा मेडिकलवाला कुठलीही अट न घालता १० टक्के कमी करून २,१६० ला देतो. फरक १० रुपयांचा, आणि गोळी बदलून हवी असेल तर तो पाच मिनिटांवर आहे.

कॅशबॅकमधली गोम वेगळीच. समजा, १५० रुपये वॉलेटमध्ये आले, पण त्यांची मुदत १५ दिवसांची आहे. महिन्याची औषधं भरणारं घर पुढची ऑर्डर ३० दिवसांनी देणार, म्हणजे ते पैसे वापरायच्या आधीच संपणार. कधी कधी अट असते की वॉलेटमधली रक्कम बिलाच्या १० टक्क्यांपर्यंतच वापरता येईल. म्हणून हिशेब करताना कॅशबॅक शून्य धरा आणि तरीही भाव परवडतो का ते बघा. वेळेत वापरता आला तर उत्तमच. मुदत जवळ आली म्हणून गरज नसलेला फेसवॉश मागवणं मात्र टाळा.

जास्त सूट मिळावी म्हणून अ‍ॅपचं वार्षिक सभासदत्व पैसे भरून घेत असाल, तर आपोआप नूतनीकरणाचा पर्याय तेवढा बंद करून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षीचे पैसे परस्पर कापले जातात.

सूट की पॉइंट?

काही दुकानांत एकाच बिलावर दोन्ही मिळत नाहीत. तेव्हा एका पॉइंटचे रुपये किती, ते काउंटरवर स्पष्ट विचारा. अपोलोच्या योजनेत एक हेल्थ क्रेडिट (त्यांचा पॉइंट) म्हणजे एक रुपया, तसा हिशेब सरळ असेल तर तुलना सोपी. पण १०० रुपयांना एक पॉइंट आणि चार पॉइंटना एक रुपया असा मामला असेल, तर ती पाव टक्का सूट झाली. त्यापेक्षा रोख १० टक्के केव्हाही बरे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे घरातल्या तिघांचे तीन मोबाइल नंबर. बाबा गेले तर त्यांचा, मुलगी गेली तर तिचा. पॉइंट तिन्हीकडे थोडेथोडे साचतात आणि वापरण्याइतके कुठेच होत नाहीत. घराचा एकच नंबर ठरवा आणि तो औषधांच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

ऑफर आहे म्हणून सहा महिन्यांचा साठा करू नका. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टर डोस बदलतात, आणि मग चार स्ट्रिपा डब्यात पडून राहतात. न उघडलेली स्ट्रिप ओळखीचा मेडिकलवाला सहसा परत घेतो, कापलेली कुणीच घेत नाही. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे एकदा घरी आलं की ते परत जाईल ही अपेक्षाच ठेवू नका.

सगळ्यात महागडी चूक : जन औषधीकडे न बघणं

पाच टक्के जास्त मिळावेत म्हणून तीन अ‍ॅप चाळणारी माणसं शेजारच्या गल्लीतल्या जन औषधी केंद्राची पायरी चढत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही सरकारी योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिथला भाव त्या औषधाच्या तीन आघाडीच्या ब्रँडच्या सरासरी किमतीच्या जास्तीत जास्त ५० टक्के ठेवायचा, असा नियम आहे. अनेक औषधं याहूनही स्वस्त असतात. कुठलंच कूपन नियमितपणे इतकी सूट देत नाही.

तिथून रिकाम्या हाताने परत येणाऱ्यांचं बहुधा एकच झालेलं असतं, त्यांनी ब्रँडचं नाव सांगितलेलं असतं. तिथे औषधाचं मूळ नाव लागतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत ते असतं : ‘टेलमिसार्टन ४० मिग्रॅ, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ’. यातलं नाव, ताकद आणि शेवटची अक्षरं, तिन्ही जुळली पाहिजेत. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर एक नव्हेत. एसआर गोळी औषध हळूहळू सोडते, ती साध्या गोळीऐवजी परस्पर घ्यायची नसते. ‘जन औषधी सुगम’ या अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव घरबसल्या दिसतो. केंद्रात एखादं औषध संपलेलं असू शकतं, म्हणून शेवटची स्ट्रिप निम्मी झाली की जा, शेवटच्या गोळीची वाट बघू नका.

डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर मेडिकलवाल्याला त्याऐवजी दुसरी कंपनी आपल्या मनाने देता येत नाही, नियमच तसा आहे. म्हणून तपासणीच्या वेळीच सांगा, ‘डॉक्टर, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नावही लिहाल का?’ यात संकोच कसला? औषध आयुष्यभर चालणार असेल, तर हा प्रश्न विचारणं आपलं कामच आहे.

मात्र थायरॉइडसाठीचं थायरॉक्सिन, फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, यांच्या बाबतीत दर महिन्याला सूट बघून ब्रँड बदलू नका. या औषधांची रक्तातली पातळी थोडी हलली तरी त्रास होऊ शकतो. बदल करायचाच तर डॉक्टरांना विचारून, आणि नंतर तपासणी करून. इथे वाचलेल्या ३० रुपयांना काही अर्थ नाही.

‘बिल नको असेल तर आणखी कमी करतो’

याला सरळ नाही म्हणा. बिलावर बॅच नंबर आणि मुदत असते. उद्या एखादी बॅच सदोष निघाली किंवा औषध बनावट निघालं, तर ते तुम्ही कुठून घेतलं याचा पुरावा तेवढाच. काउंटरवरच बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपवरच्या नंबराशी जुळवून बघा. दुकानदार चांगला असेल तर रागावणार नाही. ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असलेली नमुन्याची पाकिटं कुणी स्वस्तात देऊ केली, तर तीही घेऊ नका. ती विकणं बेकायदा आहे.

बिलाचा आणखी एक उपयोग आहे. साठी ओलांडलेल्या आणि आरोग्य विमा नसलेल्या आईवडिलांच्या औषधोपचारांचा खर्च आयकराच्या जुन्या पद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावटीत धरता येतो, पण पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. यूपीआयने द्या आणि बिलं एका फाइलमध्ये लावा. बरीच बिलं थर्मल कागदावर असतात आणि मार्च उजाडेपर्यंत पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

पॉइंट जमा झाले नाहीत तर

आधी बिलावर छापलेला मोबाइल नंबर बघा. बहुतेक वेळा एखादा आकडा चुकलेला असतो. मग हे बघा की घेतलेल्या वस्तूवर पॉइंट होते का, कारण सवलतीत घेतलेली औषधं पुष्कळदा योजनेतून वगळलेली असतात. काही परत केलं असेल तर त्याचे पॉइंटही वजा होतात. यातलं काहीच नसेल, तर बिल घेऊन त्याच शाखेत जा, आणि काम झालं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला बिलाच्या फोटोसह लेखी कळवा. नुसत्या फोनवर भागवू नका. तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर तीही तक्रार इथे करता येते. औषधाच्या दर्जाची शंका असेल, तर मात्र अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जा आणि उरलेल्या गोळ्या स्ट्रिपसकट तशाच ठेवा.