सोंगांच्या मिरवणुकीचे जुने फोटो: या चुका टाळा

ब्रुसेल्समध्ये १८७६ साली 'कॉन्झर्व्हातुआर आफ्रिकें' ही धर्मादाय मंडळी सुरू झाली. सभासद तोंडाला काळं फासायचे, डोक्यावर उंच टोपी, गळ्याला झालर, आणि असं सोंग घेऊन रस्त्यावर शिशुगृहांसाठी पैसे गोळा करायचे. या प्रथेवर पुढे बरीच टीका झाली. २०१९ पासून चेहऱ्यावर काळा-पिवळा-तांबडा असा बेल्जियमच्या झेंड्याचा रंग आला. अशा मंडळींचे जुने फोटो हाती आले की ठरावीक चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे करडी छटा बघून रंग सांगणं. त्या काळच्या प्लेटला (कॅमेऱ्यातल्या, रसायन लावलेल्या काचेला) निळा प्रकाश दिसायचा, तांबडा-पिवळा जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळा अंगरखा पांढुरका येतो आणि पिवळी झालर काळपट. काळा-पिवळा-तांबडा पट्टा घेतलात तर तिन्ही रंग एकाच डांबरी काळ्यात मिसळतात. मी स्वतः असा पट्टा 'शोकाचा काळा' म्हणून नोंदवून बसलो होतो! उन्हाने रापलेला गोरा चेहराही या प्लेटवर सावळा दिसतो. म्हणून 'रंग फासलाय' किंवा 'आफ्रिकी पाहुणे' असं लिहिण्याआधी भिंगाखाली कानामागे आणि मनगटाशी बघा. रंग तिथेच कुठेतरी संपतो.

दुसरी चूक: फोटो मिरवणुकीतलाच समजणं. कोलोडियन म्हणजे काचेवर ओतायचं चिकट द्रावण; त्याची प्लेट ओली असतानाच कॅमेऱ्यात लावायची, प्रकाशाला उघडायची आणि धुवायची. त्यात माणसाने काही सेकंद हलायचं नाही. चालत्या मिरवणुकीत हे कुठलं जमायला? त्यामुळे मंडळी बहुतेक वेळा स्टुडिओत जात. बुटांमागे लोखंडी बैठक डोकावतेय का पाहा, ती मान धरणाऱ्या आधाराची. १८८०च्या दशकात कोरड्या जिलेटिन प्लेटा सर्रास झाल्या, तेव्हा कुठे चालती पावलं स्पष्ट येऊ लागली.

पत्र्यावरचा फोटो असेल तर डावं-उजवं उलटं असतं. फलकावरची अक्षरं वाचून खात्री करा, नाहीतर झेंडा भलत्याच हातात जातो.

पुठ्ठ्यामागे स्टुडिओचा पत्ता असतो. त्यावरून साल काढता येतं, पण पुठ्ठा नंतरच्या प्रतीचाही असू शकतो.

आणि कागदावरचा फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. त्यावर बहुतेकदा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असतो. अल्बमला चिकटलेला फोटो सोलूही नका. आहे तसाच, पानासकट स्कॅन करा.