ड्रायसूटचे गळ्याचे आणि मनगटाचे सील घरच्या घरी कसे बदलावे

मालवणच्या समुद्रात ड्रायसूट, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा डायव्हिंगचा पोशाख, घालण्याची वेळ सहसा येत नाही. इथले पाणी बहुतेक काळ 26 ते 29 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांपाशी किंवा तारकर्लीला पाण्यात उतरणाऱ्याला पातळ वेटसूट पुरतो. परंतु आपल्याकडचा जो डायव्हर परदेशातील थंड पाण्यात कामाला जातो, त्याचा ड्रायसूट सुट्टीच्या महिन्यांत इथेच, कोकणातल्या दमट घरात पडून असतो. माझा अनुभव असा की सूटचे सील, म्हणजे गळ्याला आणि मनगटाला घट्ट बसून पाणी अडवणाऱ्या लवचिक कडा, पाण्यात जितके खराब होतात त्याहून अधिक या पडून राहण्याने होतात. म्हणून सील बदलण्याचे काम प्रत्येकाने घरी, सवडीने, स्वतःच्या हाताने शिकून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

मी हे उशिरा शिकलो. एका वर्षी सूट पावसाळाभर माळ्यावर गुंडाळून ठेवला होता, आणि कामाच्या पहिल्याच सकाळी, 7 अंशांच्या पाण्यात उतरण्यापूर्वी, डाव्या मनगटाचे लेटेक्सचे (पातळ रबराचे) सील हात घालताक्षणी काठापासून थेट बाहीपर्यंत फाटले. उजव्या हाताचे तपासले तर ते जुन्या फुग्यासारखे चिकट झाले होते. दोन्ही सील सूटला कायमची चिकटवलेली होती; नवी चिकटवून गोंद पक्का सुकेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्यानंतर मी रिंगेत बसणारी, बदलता येणारी सील बसवून घेतली.

या पद्धतीत सूटच्या बाहीला आणि गळ्याला एक रिंग कायमची बसवलेली असते. सीलची जाड कड तिच्या खाचेत बसते, आणि बहुतेक रचनांत दुसरी रिंग ती कड आतून दाबून धरते. स्वीडनची एसआय टेक ही या वस्तूंची जाणती कंपनी आहे, मात्र एका कंपनीचे सील दुसऱ्या कंपनीच्या रिंगेत बसेलच असे गृहीत धरू नये. विकत घेण्यापूर्वी रिंगेवरचे नाव आणि आकार वाचून घ्यावा. सिलिकॉनच्या सीलसाठी तर रिंग अपरिहार्यच असते, कारण सूटसाठी वापरला जाणारा नेहमीचा गोंद सिलिकॉनला धरत नाही.

लेटेक्स घ्यावे की सिलिकॉन, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सिलिकॉन मऊ असते, त्वचेला सोसते, ऊन आणि ओझोन यांना दाद देत नाही, आणि ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तो सुरक्षित पर्याय आहे. त्याचा मोठा दोष एकच: त्याला नखाची किंवा कात्रीची एक बारीकशी चीर पडली की ती पुढच्याच ताणाला धावत जाते. लेटेक्स अधिक चिवट असते आणि त्याला तात्पुरते ठिगळ लावता येते, पण उष्णता, सूर्यप्रकाश, तेल आणि ओझोन त्याला हळूहळू खातात. कोकणातील हवेचा विचार करता मी सिलिकॉनच्या बाजूने आहे, मात्र एक जादा गळा आणि दोन जादा मनगटे पिशवीत ठेवण्याच्या अटीवर.

काम सुरू करण्यापूर्वी हात साबणाने दोनदा धुवावेत. आपल्याकडे केसांना खोबरेल तेल लावण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि तेलकट बोटांचा स्पर्श लेटेक्सला घातक असतो. त्या दिवशी डोक्याला तेल न लावणेच उत्तम. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे आणि नखे कापावीत. जुने सील काढताना स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, कारण खाचेवर ओरखडा पडला की तिथून पाणी शिरते आणि मग नुसते सील बदलून भागत नाही. आतली रिंग अंगठ्यांनी दाबून सोडवावी. फारच घट्ट असेल तर चमच्याच्या गोल दांड्याची मदत घ्यावी.

यानंतरचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. मोकळी झालेली खाच जुन्या टूथब्रशने, सौम्य साबण आणि गोड्या पाण्याने घासावी, पूर्ण कोरडी करावी, आणि उजेडात धरून तिच्यावरून बोट फिरवत पूर्ण फेरा घ्यावा. तारकर्लीची वाळू इतकी बारीक असते की ती डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते. वाळूचा एक कण, एक केस किंवा मिठाची वाळलेली पापडी कडेखाली राहिली तरी तेवढ्या वाटेने सूटमध्ये पाणी झिरपते. सीलची कडही तशीच पुसून घ्यावी.

बसवताना सीलची निमुळती बाजू बाहेर, म्हणजे गळ्याला वर आणि मनगटाला बोटांकडे राहील असे पाहावे. लंबगोल रिंग असेल तर सीलवरची खूण किंवा लांबट बाजू रिंगेच्या लांबट बाजूशी जुळवावी. कड एका टोकापासून सुरू करून ओढत नेऊ नये, कारण तसे केल्यास शेवटी ती एका जागी गोळा होते. आधी वर आणि खाली, मग डावीकडे आणि उजवीकडे, असे चार बिंदू बसवून मधला भाग अंगठ्याने भरत जावे. कड अडत असेल तर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब पुरतात. आतली रिंग चढवल्यावर सर्व बाजूंनी दाबून पाहावे आणि सीलवर कुठेही सुरकुती अथवा पीळ दिसल्यास सर्व काढून पुन्हा बसवावे.

नवे सील बहुधा घट्ट असते, आणि ते मापाला कापावे लागते. यासाठी सील एखाद्या गुळगुळीत गोल वस्तूवर चढवून ताणावे. मनगटाला स्टीलचा पेला आणि गळ्याला स्टीलचा डबा चालतो. घरात तांब्या-पितळेची भांडी हाताशी असतात, पण ती घेऊ नयेत, कारण तांब्याच्या संसर्गाने लेटेक्स लवकर कुजते. सीलवर उठावदार वळी असतात, त्यांच्या रेघेने एका वेळी एकच वळी धारदार कात्रीने, हात न थांबवता कापावी. काप जिथे थांबून पुन्हा सुरू होतो तिथे दात पडतो, आणि फाटण्याची सुरुवात त्याच दातापासून होते. प्रत्येक कापानंतर सूट घालून 10 मिनिटे बसून पाहावे.

गळ्याच्या बाबतीत घाई करू नये. अतिघट्ट सील मानेतील मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या दाबाच्या जागेवर जोर देते, त्यामुळे हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येऊ शकते, शुद्धही हरपू शकते. चेहरा लाल होणे, डोक्यात ठणके बसणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर सील लगेच सैल करून काढावे आणि आणखी एक वळी कापावी. मनगटावर हलका वळ उठणे स्वाभाविक आहे, पण बोटे बधिर झाली किंवा हाताच्या शिरा फुगल्या तर तेही सील घट्टच समजावे. दुसऱ्या बाजूने, मूठ आवळल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला स्नायूंच्या दोन दोऱ्या उठतात आणि त्यांच्यामधल्या खळगीतून पाणी शिरते. तिथे सील पोकळ राहत असेल तर ते हातावर जरा मागे सरकवावे.

सूट घालताना हात असा आवळावा की जसा बांगड्या भरताना कासारापुढे धरतात: चारही बोटे जुळवून आणि अंगठा तळव्यात दुमडून. दुसऱ्या हाताची दोन बोटे सीलच्या आत घालून ते उघडे धरावे, आणि काढतानाही काठ ओढू नये, बोटे आत सरकवून सील सोडवावे. लेटेक्सला आतून सुगंध नसलेली टाल्क पावडर लावावी. सायकल-पंक्चरच्या दुकानात ट्यूबवर फासतात ती फ्रेंच चॉकही चालते, पण कॅरमची पावडर चालत नाही, कारण ती सहसा बोरिकची असते. सिलिकॉनला पावडर लागत नाही.

गळतीची परीक्षा सायकलच्या ट्यूबसारखीच असते. दोन्ही मनगटांत पेले आणि गळ्यात मापाचा डबा अडकवावा, झिप आणि हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा, आणि सूट उशीइतपत फुगेल एवढीच हवा भरावी. जास्त भरल्यास झिपवर ताण येतो. मग सर्व रिंगांवर साबणाचे पाणी ब्रशने लावून बुडबुडे पाहावेत. पाण्यातली पहिली चाचणी पोहण्याच्या तलावात, कमी खोलीवर आणि थोडा वेळच घ्यावी, कारण आपल्या हवेत या सूटमध्ये शरीर फार लवकर तापते. ज्याने ड्रायसूटचे प्रशिक्षण घेतलेले नाही त्याने हीसुद्धा एकट्याने घेऊ नये. सूटच्या पायांत हवा गेली की माणूस उलटा होऊन वर फेकला जातो.

आता साठवणीबद्दल. बदलता येणाऱ्या सीलचा कोकणातला खरा फायदा हा आहे की पावसाळ्यापूर्वी ती सूटपासून वेगळी काढून ठेवता येतात. सर्व भाग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावेत, कारण राहिलेले मीठ पावसाळी हवेतून ओल खेचून घेते आणि बुरशी धरते. लेटेक्सला टाल्क लावून सील घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, घडी न घालता, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावीत. डबा कपाटात तळाशी असावा. फ्रीज, इन्व्हर्टर आणि पाण्याचा पंप यांच्याजवळ नको, कारण विजेच्या उपकरणांतील ठिणग्यांतून ओझोन तयार होऊ शकतो. डांबरगोळ्या मी त्या कपाटात ठेवत नाही. सूटवरील रिंगांवर काही जड ठेवू नये, कारण गळ्याची मऊ रिंग एकदा वाकडी झाली की कड नीट बसत नाही. निघण्याच्या दोन आठवडे आधी डबा उघडून प्रत्येक सील उजेडात ताणून पाहावे. चिकटपणा, बारीक भेगा किंवा काठाला चीर दिसली तर ते फेकून द्यावे, म्हणजे नवे मागवायला आणि मापाला कापायला पुरेसा वेळ हाताशी राहतो.