किडनीच्या धमनीला फुगा: कोणतं ऑपरेशन आणि कधी

पोटाचं सीटी काढलेलं असतं भलत्याच कारणासाठी, आणि रिपोर्टच्या तळाशी ओळ सापडते: 'रीनल आर्टरी ॲन्युरिझम', म्हणजे किडनीच्या धमनीला आलेला फुगा. त्याच रात्री सोलापूरहून पुण्याची गाडी धरायची गरज सहसा नसते. हे फुगे हळू वाढतात, बहुतेकांचे वर्षाला 1 मिलिमीटरही नाही.

त्रास नसेल आणि ऑपरेशन झेपणारं असेल, तर 3 सेंटिमीटरच्या पुढे उपचार करतात. पूर्वी ही मर्यादा 2 सेंटिमीटर होती, म्हणून दोन डॉक्टर दोन आकडे सांगू शकतात. ज्या बाईला पुढे मूल होऊ शकतं, तिच्या बाबतीत मात्र आकार बघत बसू नये, उपचार करावा. गरोदरपणात फुगा फुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. कुशीत दुखणं, लघवीतून रक्त जाणं किंवा धमनी अरुंद होऊन गोळ्यांना दाद न देणारं बीपी असेल, तर लहान फुग्यावरही उपचार लागतो. अचानक असह्य कळ, घाम आणि भोवळ आली तर फुगा फुटला असं धरून 108 ला फोन करा.

पद्धत ठरते ती फुगा नेमका कुठे आहे यावर. मुख्य धमनीच्या सरळ भागात असेल, तर जांघेतून तार घालून आवरण असलेला स्टेंट (धमनीत बसणारी जाळीची नळी) बसवतात. अरुंद तोंडाचा असेल तर आत कॉइल (बारीक तारेची वेटोळी) भरतात. पण बहुतेक फुगे धमनीच्या फांद्या होतात तिथेच असतात. तिथे असा स्टेंट टाकला की फांदीचं तोंड बंद होतं आणि किडनीचा तेवढा भाग मरतो. म्हणून तिथे उघडं ऑपरेशन करतात: फुगा कापून धमनी शिवायची, कमी पडली तर पायाच्या शिरेचा तुकडा ठिगळासारखा लावायचा किंवा त्याच शिरेचा बायपास करायचा.

फांद्या खूप आणि खोलवर असतील तर किडनी बाहेर काढतात, 4 अंशांच्या थंड द्रावणानं धुतात, टेबलावर भिंगाखाली एकेक फांदी जोडतात आणि किडनी ओटीपोटात बसवतात. ती आपलीच असल्यामुळे प्रत्यारोपणाची औषधं जन्मभर घ्यावी लागत नाहीत. हे काम किडनी प्रत्यारोपण नेहमी करणाऱ्या टीमकडूनच करून घ्यावं, त्यासाठी प्रवास करावा लागला तरी. किडनी काढून टाकणं हा शेवटचा उपाय.

एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात कारखान्यातून थेट सीटीला येऊ नका. अंगातलं पाणी कमी असताना सीटीसाठी शिरेतून देतात तो डाय गेला तर किडनीला इजा होऊ शकते. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासा, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर सांगा. बिडी, तंबाखू बंद.

कॉइलनंतर दोन-चार दिवस कुशीत दुखणं आणि थोडा ताप चालतो. बायपासनंतर लघवी कमी झाली तर थांबू नका, गुठळी धरली असेल, त्याच वेळी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला सांगा. सर्जनकडे जाताना फिल्म पुरत नाही, सीटीची सीडी न्या.